नळीचं दुसरं टोक

ह्या दसऱ्यानंतर घरातली रायफल नेमबाजीच्या क्लबला देऊन टाकायची, असं मी ठरवलं होतं. कारण साधं होतं. ती साफ करायला दोन माणसं लागतात आणि घरात मी एकटीच उरले होते.

रायफल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाघ नाहीतर दरोडेखोर येतो. आमची तसली नव्हे. पॉइंट टू-टू म्हणतात तिला, कागदावरच्या काळ्या गोलावर नेम धरायची, खेळाची रायफल. माझ्या नवऱ्याला कॉलेजात एनसीसीमध्ये तिचा नाद लागला तो जन्मभर सुटला नाही. कळमेश्वरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सची नोकरी, आठवडाभर मशिनांची उस्तवार, आणि रविवारी सकाळी उठून क्लबच्या रेंजवर. मोठं बक्षीस कधी मिळालं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत एखाद वेळी तिसरा नंबर यायचा, तेवढंच. आमच्याकडे नवऱ्याला 'हे' म्हणायची रीत, म्हणून इथंही 'हे'च लिहिते. तर ह्यांना त्या नंबराचं काही वाटत नसे. मला वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायची.

हे बोलायला भारी कंजूष. 'हो', 'बरं', 'ठेवतो' एवढ्यात ह्यांचा फोन आटपायचा. मी भिवापूरची, त्यातून शाळेत पोरांना शिकवलेली. मला एक गोष्ट सांगायची तर आधी त्या गोष्टीतल्या माणसाचं सगळं गणगोत सांगावं लागतं. मुलगा लहान असताना त्याच्याशीसुद्धा हे मानेनंच बोलायचे. तो मोठा होऊन बंगळुरूला गेला. तिथून त्याचा फोन आला की हे 'आईला देतो' म्हणून फोन माझ्या हातात ठेवायचे आणि बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. मुलाला वाटायचं, बाबांना आपल्याशी काही घेणंदेणं नाही. मी समजूत घालायची, पण मलाही फार वेगळं वाटत होतं असं नाही.

रविवारची दुपार तेवढी निराळी असायची. हे रेंजवरून यायचे ते उन्हानं लाल होऊन, उपाशी, एका हातात रायफलची लांबडी पेटी आणि दुसऱ्या हातात सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, पुडा. जेवायच्या आधी रायफल. हा नियम कधी मोडला नाही. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आधी दोन घास खाऊन घ्या ना, ते लोखंड काय पळून जाऊन राहिलं का?" ह्यांचं उत्तर ठरलेलं. "ये. दोन माणसं लागतात."

मग बाहेरच्या खोलीत सतरंजी, त्यावर जुनी चादर. पेटी उघडली की पहिलं काम बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे ओढायचा आणि आत बघायचं. मग करंगळी घालून चाचपायचं. गोळी नाही हे शंभर टक्के ठाऊक असलं तरी. त्यानंतर बोल्ट पूर्ण बाहेर काढून फडक्यावर ठेवायचा. हे नळीच्या मागच्या बाजूला मांडी घालून बसायचे आणि मला समोर बसवायचे, जिथून गोळी बाहेर पडते त्या टोकाशी. लग्नानंतर पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी घाबरून बाजूला सरकले होते. "बोल्टच नाही तिच्यात," हे म्हणाले. "आता ती रायफल नाही. नुसता पाइप आहे." ह्यांच्या मानानं ते भाषणच होतं.

काम असं. जुन्या बनियनचे रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे चौकोन मी आठवड्यात केव्हातरी कापून ठेवायची. त्याला चिंदी म्हणायचं, हा एनसीसीतला शब्द. हे चिंदीला काजळी सोडवायचं औषध लावायचे, लांब रॉडच्या टोकावर टेकवायचे आणि मागून नळीत ढकलायचे. माझ्या बाजूला चिंदीचा कोपरा दिसला की मी ती चिमटीत धरून काढून घ्यायची. खाली पडू द्यायची नाही. पडली तर धूळ लागते, मग खरा रंग कळत नाही, असं ह्यांनी बजावलं होतं. काढली की रंग सांगायचा.

"काळी."

रॉड मागे. दुसरी चिंदी.

"काळीच."

"हं."

"जरा राखाडी. मधे काहीतरी चमकून राहिलं."

"शिसं आहे ते."

असं करत करत पांढरी येईपर्यंत. ह्या छोट्या गोळीची तऱ्हा मी त्या सतरंजीवरच शिकले, एका रविवारी एक वाक्य ह्या हिशोबानं. तिचा भडका उडवणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो. पिन मधोमध मारत नाही, काठावर मारते. गोळीला मेण चोपडलेलं असतं. ते मेण, शिसं आणि काजळी मिळून गोळी जिथं बसते त्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये, थर धरतात. मग गोळी शेवटपर्यंत आत जात नाही. पिनचा मार तिला पुढे रेटण्यातच वाया जातो आणि नुसतं टक् होतं. म्हणून नळीपेक्षा चेंबरची काळजी जास्त घ्यायची. बोल्टचं तोंड दात घासायच्या जुन्या ब्रशनं खरवडायचं. तेल अगदी थोडं लावायचं आणि शेवटी कोरडी चिंदी फिरवून तेही काढून घ्यायचं, नाहीतर त्याच तेलावर पुढची घाण चिकटते.

दोन चिंद्यांच्या मधे मी बोलायची. शाळेतल्या मुख्याध्यापिकेपासून जावेच्या नव्या फ्रीजपर्यंत आठवडाभरातलं सगळं. हे रॉड ढकलत ऐकायचे, म्हणजे ऐकतात असं मी धरून चालायची. पुष्कळदा पांढरी आली असं सांगितलं तरी हे म्हणायचे, "अजून एक मारू." माझं डोकं फिरायचं. "पांढरी आहे म्हणून राहिली ना मी! भात गार होऊन राहिला तिकडे." हे पुढची चिंदी उचलायचे. "पाहून सांग," म्हणायचे. मी पाहायची, सांगायची, आणि जावेच्या फ्रीजची गोष्ट मधेच राहिली असेल ती पुरी करायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात हे गेले. सकाळचा चहा घेताना कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. मी आतून विचारत होते, पोहे करू की उपमा. उत्तर आलं नाही ह्याचं मला काही वाटलं नाही, कारण उत्तर एरवीही यायचं नाही. मी पोहे भिजवले.

परवाना ह्यांच्या नावावर, त्यामुळे रायफल रीतसर बर्डीवरच्या शस्त्रांच्या दुकानात जमा झाली. मुलगा म्हणाला, तिथंच राहू दे, विकून टाकू. का कोण जाणे, मला तिडीक आली. वारस म्हणून मी अर्ज केला, फोटो काढले, खेटे घातले. चौकशीला आलेल्या पोलिसानं माझ्याकडे आणि माझ्या चष्म्याकडे बघून विचारलं, "काकू, तुमी कराल काय हिचं?"

"साफ करीन," मी म्हणाले.

तो हसला. मी हसले नाही. परवाना मिळाला, रायफल घरी आली आणि कपाटात कुलपात गेली.

पुढच्या रविवारी मी सतरंजी घातली. रायफल कुणी चालवली नव्हती, साफ करायला घाणही नव्हती, पण दुकानात महिनोन्‌महिने पडलेली, तिला आतून गंजाची झाक आली असेल असं मी स्वतःला सांगितलं. चादर, रॉड, चिंद्या. बोल्ट काढला, करंगळीनं चाचपलं. मागे बसले आणि रॉड ढकलला. चिंदीचा कोपरा नळीच्या तोंडाशी आला असेल एवढ्या अंदाजानं थांबले. मग उठायचं, वळसा घालून समोर जायचं, चिंदी काढायची, रंग बघायचा, परत मागे यायचं, रॉड ओढायचा, दुसरी चिंदी. माझे गुडघे काही पोरीचे नाहीत. चार वेळा उठबस झाली की धाप लागायची. अंदाज चुकला की चिंदी आतच असायची आणि खेप फुकट जायची. पण ह्यांनी सांगितलेलं मोडायचं माझ्या मनातही आलं नाही.

आणि रंग सांगायचा कुणाला? सुरुवातीला मी मोठ्यानं सांगायची. 'तांबूस.' 'पांढरी.' एका रविवारी माझाच आवाज खोलीत ऐकू आला आणि मला लाज वाटली. मग गप्प बसून करू लागले. गप्प बसून काम करायची मला सवय नाही. आठवडाभराचं बोलणं पोटात साठून राहायचं. सोमवारी दूधवाल्याला जास्तीचे दोन शब्द ऐकावे लागायचे.

एकदा मी मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन समोरच्या टोकाशी पुस्तकाला टेकवून ठेवला. म्हटलं, मी इकडून ढकलते, तू तिकडून रंग सांग. त्याच्या पडद्यावर काय दिसलं असेल त्याची कल्पना मला नंतर आली.

"आई!" तो किंचाळला. "हे काय दाखवून राहिली तू मले? ते आधी बाजूले कर!"

"अरे, बोल्ट काढलाय. नुसता पाइप आहे."

"पाइप-बिइप काही नाही. कर बाजूले."

केलं. मग त्यानं शांतपणे, मोठ्या माणसानं लहान पोराला सांगावं तसं मला सांगितलं की हे आता पुरे. तू एकटी राहतेस, घरात हत्यार, वय झालेलं, आणि त्यात हा रविवारचा खुळेपणा. "बाबांचा छंद होता, त्यांच्यासोबत गेला. तू काहून घेऊन बसलीस? क्लबमध्ये पोरं शिकतात, त्यांना देऊन टाक." त्याचं चुकत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी गुडघे चोळत बसले आणि मला पटलं. दोघांचं काम एकटीनं रेटत होते, आणि ते नीट होतही नव्हतं. दसरा झाला की द्यायची. शेवटची एक खंडेनवमी तिची ह्याच घरात होऊ दे, एवढंच मनात धरलं.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. विळी, कात्री, ह्यांची पानापक्कडांची पेटी, आणि मधोमध पाटावर रायफल. समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण डोकावली. तयारी बघून तिचा चेहरा पडला.

"बाई वं, कुंकू तुमच्या हातानं कायले? थांबा, मी माह्या सुनेले पाठवते. सवाष्ण आहे."

"तुमच्या सुनेनं कधी हिची एक चिंदी कापली का?" मी विचारलं.

ती आली तशी गेली. माझ्या नाकावरचा राग तिला नवा नाही, पण त्या दिवशी दार लावल्यावर मला रडू आलं. तिला दुखवलं म्हणून नाही. खरंच माझा हात कुंकवाच्या करंड्याशी थांबला होता आणि तिनं ते पाहिलं होतं म्हणून. मग मी हळद-कुंकू लावलंच. लाकडाला, लोखंडाला, सगळीकडे हात भरून. झेंडूची माळ घातली. ह्यांचा नियम होता की रायफल खाली ठेवलेली असेल तेव्हा बोल्ट मागे ओढलेला हवा, म्हणजे ती रिकामी आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. रेंजवरही तोच नियम. तो मी पाळला. उघड्या बोल्टसह रायफल पाटावर, आणि वरून ओल्या कुंकवाच्या अक्षता मूठभर.

दसऱ्याला सोनं द्यायला दोघीतिघी आल्या आणि लवकर गेल्या. शेजारीण आली नाही. मी माळ काढली, बाहेरून फडकं फिरवलं आणि रायफल पेटीत ठेवली.

क्लबच्या कोचना आधीच फोन केला होता. ते म्हणाले, "या काकू. परवानगीचे कागदं मागून करू, आधी चालवून पाहून घेऊ. पोरींच्या कामी येईल." दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. आमच्या घरून, बेस्याहून, रेंज म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. रिक्षावाल्यानं पेटीकडे बघून विचारलं, "माताजी, सितार है क्या?" मी म्हटलं, "हो, सितारच." वाटभर त्यानं मला त्याच्या मुलीच्या गाण्याच्या क्लासची हकिकत सांगितली आणि मला बरं वाटलं, कारण कुणीतरी बोलत होतं.

मधला वार असल्यानं रेंज रिकामी होती. पत्र्याखाली बाकं, लांबवर मातीचा बांध, गवत वाळायला लागलेलं. मी ह्या जागी पूर्वी एकदाच आले होते, बक्षीस समारंभाला, आणि तेव्हा कंटाळून मोबाइल बघत बसले होते. कोच चाळिशीतले, ह्यांच्याच हाताखाली नेम धरायला शिकलेले. त्यांनी पेटी उघडली, रायफलला नमस्कार केला, मग मला केला. त्या क्रमाचं मला हसू आलं.

ते नेम धरायच्या जागी बसले, रायफलचं तोंड बांधाकडे केलं, गोळी घातली. बोल्ट शेवटी जरा अडल्यासारखा झाला. त्यांनी तळहातानं दाबला. घोडा ओढला.

टक्.

ते हलले नाहीत. तोंड बांधाकडेच ठेवून गोळी उशिरानं उडाली तर म्हणून थोडा वेळ थांबले, मग गोळी बाहेर काढून तिचं बूड मला दाखवलं. काठावर पिनची खूण होती, पण अगदी फिकी. दुसरी गोळी. पुन्हा टक्. मला ठाऊक होतं ह्याचा अर्थ काय. चेंबर घाण आहे. एवढ्या रविवारच्या उठाबशा आणि चेंबर घाण.

"मी एकटीच करत होते ना," मी घाईघाईनं सांगितलं. "नीट झालं नसेल."

कोचनी बोल्ट काढला, टॉर्च मारला, खिशातून दात कोरायची काडी काढली आणि अलगद काहीतरी उकरून तळहातावर घेतलं. तांदळाचा चिरडलेला दाणा होता, कुंकवानं लाल झालेला. मागोमाग वाळलेल्या कुंकवाचा खपला.

"अजी काकू," ते हसू दाबत म्हणाले, "पूजा केली वाटते. अक्षता उघड्या चेंबरात गेल्या. दरसाल एखाद्या घरची तरी अशी येतेच. बोल्ट उघडा ठेवाचा म्हणजे ठेवाचा, आन् अक्षता टाकाच्या म्हणजे टाकाच्या."

मी त्या दाण्याकडे बघत राहिले. ह्यांच्या हयातीत कधी असं झालं नव्हतं. मग आठवलं. दर खंडेनवमीला मी अक्षता उचलल्या की हे पुढे वाकून रायफलवर तळहात ठेवायचे, बरोबर बोल्टच्या जागी. मला वाटायचं, देवाधर्माचं वावडं असलेला माणूस निदान एवढा नमस्कार करतो. तो नमस्कार नव्हता. चेंबरवर झाकण होतं. एका शब्दानं सांगितलं असतं तर! पण नाही, दरसाल तळहात ठेवतील.

"थांबा, आत्ता साफ करून देतो," कोच म्हणाले. त्यांनी बाकावर फळीचा टेकू लावून रायफल ठेवली आणि समोरच्या टोकाखाली जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं. मी सवयीनं पदर खोचला आणि पुढच्या बाजूला जाऊन वाकले.

"काकू, तिकडे काय करून राहिल्या?"

"चिंदी घेते ना. तुम्ही ढकला, मी रंग सांगते."

"रंग?" त्यांना कळेना. "तुमी बसा आरामात. याले कोणी नाही लागत."

आणि त्यांनी रॉड ढकलला. चिंदी नळीच्या तोंडातून बाहेर आली, रॉडच्या टोकावरून आपोआप सुटली आणि पेपरवर पडली. लालसर. त्यांनी बसल्या जागेवरून मान तिरपी करून पाहिली. दुसरी पडली. तिसरी. एकावर एक पडत गेल्या, आणि कितीतरी कमी वेळात पांढरी पडली. त्यांनी दुसरी पांढरी काढलीच नाही. रॉड पुसून ठेवला.

"खाली पडलेली चालते?" मी विचारलं.

"पेपर टाकला का झालं. रॉडचं टोक असंच बनवलेलं असते, चिंदी सुटून पडाले. एकट्याचं काम आहे हे, काकू."

"तुम्हाला कुणी शिकवलं असं?"

"साहेबांनीच. इथंच, याच बाकावर. आमाले सगळ्याईले त्यांनीच शिकवलं. आमी रविवारी नेम झाला का इथंच बसतो, तर्री-पोहे मागवतो आन् गप्पा मारत आपापली रायफल साफ करतो. साहेब तेवढे नाही बसायचे. मी कितीदा म्हटलं, 'साहेब, इथंच करून टाका ना, पोहे खा, मंग जा.' तर म्हणायचे, 'नाही. घरी जाऊन करतो.' काहून ते कधी सांगितलं नाही."

कोचनी रायफल पुन्हा भरली. ह्या वेळी आवाज नीट झाला, मग पुन्हा, मग पुन्हा. समोरच्या कागदावर भोकं पडत होती. ते खूश होऊन म्हणाले की एकदम फर्स्ट क्लास आहे, पोरी भांडतील हिच्यासाठी. अर्ज कसा करायचा, सही कुठं करायची ते सांगू लागले. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मी बाकावर बसले होते आणि मला राग आला होता. असा राग की हे समोर असते तर मी काय बोलले असते ते इथं लिहिता येणार नाही. एवढी वर्षं मला फरशीवर बसवलं. भात गार केला. 'पडू देऊ नको, धूळ लागते.' एवढा सरळ माणूस, कारखान्यात एक स्क्रू इकडचा तिकडे केला नाही, आणि घरात दर रविवारी माझ्या तोंडावर बिनदिक्कत खोटं. उपाशी यायचे ते काय, इथले पोहे टाकून यायचे.

मग राग कुठं गेला कळलं नाही. 'जरा जवळ येऊन बस, काहीतरी बोल,' एवढं म्हणणं ह्यांच्या जिभेला जमणारं नव्हतं. आणि म्हटलं असतं तर मी हसले असते. कामं पडली आहेत म्हटलं असतं. कामाला बोलावलं तर मात्र मी येते, हे ह्या मुक्या माणसानं हेरून ठेवलं होतं. पांढरीनंतरची ती जास्तीची चिंदी कशासाठी होती, हे मला त्या बाकावर कळलं. जावेच्या फ्रीजची गोष्ट ह्यांना पुरी ऐकायची होती.

मी उठले आणि पेटी पुढे ओढली.

"मी नाही देत," मी कोचना म्हणाले.

"अजी, पण आत्ता तं... काहून काकू? काही चुकलं का माह्यं?"

"नाही हो. तुमचं काय चुकणार." त्यांनीच मग रायफल पुसून पेटीत ठेवली, खटके लावले आणि फाटकापर्यंत पेटी उचलून आणली. रविवारी येत जा म्हणाले. येईन की नाही ते मी सांगितलं नाही.

घरी पोचले तर मुलाचा फोन वाजत होता. तो वाटच बघत होता.

"दिली ना?"

"नाही दिली. ठेवून घेतली."

"आई!" तो चिडला. चिडणारच. "आपलं ठरलं होतं. एकटीनं होत नाही म्हणून तूच म्हणाली होतीस. मग आता काहून? काय आहे त्याच्यात एवढं?"

मी पेटी मांडीवर घेऊन बसले होते. कोचचं, पेपरचं, पोह्यांचं सांगायला गेले असते तर माझ्या पद्धतीनं संध्याकाळ झाली असती. मग जे होतं तेच सांगितलं.

"तुझ्या बाबांना माझ्याजवळ बसायचं असायचं," मी म्हणाले.



"बाबांना?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "दर रविवारी."